लाळेचा पहारा आणि दुधाचे दात

श्रोतेहो, नमस्कार. विषय लहान मुलांच्या किडक्या दातांचा आहे, पण आधी थोडं हॅमस्टरबद्दल सांगतो. गालात दाणे साठवणारा हा उंदराच्या जातीतला छोटासा प्राणी.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत पॉल कीज यांच्याकडे हॅमस्टरचे दोन गट होते. दोघांनाही भरपूर साखरेचं खाणं. एका गटाचे दात पार पोखरलेले, दुसऱ्याचे ठणठणीत. कुणीही म्हणेल, रक्तातच आहे, घराण्याचे दात चांगले. कीज यांनी ठणठणीत दातांचे हॅमस्टर किडक्या दातांच्या सोबत्यांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले. साखर तीच, रक्त तेच, फक्त सोबत बदलली. आणि त्यांचेही दात किडले! सोबत्यांची लेंडी खाण्यात आली, तेवढंही पुरलं. पण हे जंतूंचंच काम, हे कसं ठरवायचं? कीज आणि रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी किडीतले जंतू घेतले आणि त्यांतले स्ट्रेप्टोमायसिन या जंतुनाशक औषधाला दाद न देणारे निवडले. ही त्यांची ओळखखूण. ते निरोगी तोंडात सोडले, दात किडले, आणि त्या तोंडात खूण असलेले तेच जंतू परत सापडले. साल १९६०. या जंतूंच्या कुळाला म्युटन्स हे नाव लंडनच्या क्लार्क यांनी १९२४ सालीच दिलं होतं. पुढची कितीतरी वर्षं त्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही.

म्हणजे कीड लागते ती जंतूंनी आणि साखरेनी, दोन्ही मिळून. बाळ जन्मतं तेव्हा हे जंतू तोंडात नसतात. बहुतेकदा घरच्यांच्या लाळेतून येतात, चाखलेल्या चमच्यातून, तोंडात धरून पुसलेल्या चोखणीतून. म्हणून आईने पापा घेऊ नये, असं काहीजण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. मुलाचे दात किडले की आईला धरायचं, ही खोड सोडा. घरातल्या मोठ्यांनी आपले दात भरून घ्यावेत, आजोबांनीसुद्धा.

आता लाळ. लाळेतली आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना लपेटतात, दाताला चिकटू देत नाहीत. लायसोझाइम त्यांची भिंत फोडतं, लॅक्टोफेरिन त्यांचं लोह पळवतं, जंतू साखरेपासून जे आम्ल करतात ते बायकार्बोनेट शमवतं. तान्ह्या बाळाच्या लाळेत आयजीए अगदी कमी असतं, वयाबरोबर वाढत जातं. आणि मुख्य गोष्ट, नीट ऐका: झोपेत लाळ जवळजवळ थांबते. पहाराच उठतो.

अशा वेळी बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं, की दूध वरच्या पुढच्या चार दातांभोवती साचतं. सामू, म्हणजे आम्लता मोजायचा पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळू लागतं, आणि दुधाच्या दातांचं एनॅमल आधीच पातळ. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते.

म्हणून, झोपेत बाटली नको. द्यायचीच तर साध्या पाण्याची. गोड सिरप झोपायच्या आधी दिलं तर दात घासूनच निजवा; मुलांची औषधं इतकी गोड का करतात, हा प्रश्न औषधवाल्यांना विचारायलाच हवा. पहिला दात दिसताच घासायला लागा, दिवसातून दोनदा, हजार पीपीएम फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. फेस थुंकायला लावा, पण खळखळून चूळ नको, फ्लोराइड धुऊन जातं. ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा, निदान सहा-सात वर्षांपर्यंत. आणि रात्रीचं घासणं एकदाही चुकवू नका, कारण त्यानंतर लाळ जवळजवळ नसते.

महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर लगेच दाखवा. त्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप देऊन कीड थांबवता येते. भोक पडलं की मात्र दातावर उपचारच करावे लागतात.