न आलेला चौथा स्पायडर-मॅन

६ मे २०११ ला एक पिक्चर येणार होता, तो आलाच नाही. दिग्दर्शक सॅम रायमीचा स्पायडर-मॅन ४, त्याच्या आधीच्या तीन भागांनंतरचा. टोबी मॅग्वायर परत पीटर पार्कर होणार होता, व्हल्चर नावाच्या व्हिलनसाठी जॉन माल्कोविचचं नाव होतं, ॲन हॅथवेचं नाव फेलिशिया हार्डी या पात्रासाठी घेतलं जात होतं, स्टोरीबोर्डसुद्धा काढून झाले होते (ते पुढे बाहेर आले आणि आम्ही लोकांनी ते झूम करकरून बघितले). आणि जानेवारी २०१० मध्ये सोनी स्टुडिओने सांगून टाकलं की हा पिक्चर होणार नाही, आम्ही पहिल्यापासून सुरू करतोय. मग २०१२ ला मार्क वेबचा पिक्चर आला अँड्र्यू गारफिल्डला घेऊन, तो वेगळा विषय आहे, गारफिल्ड चांगलाच नट आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही.

आज मला बोलायचंय ते त्या न झालेल्या पिक्चरबद्दल, आणि आपण सगळे अजूनही तो का मागतोय याबद्दल. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण २००२ च्या नंतर जन्मलेले असणार, म्हणजे पहिला भाग थेटरात लागला तेव्हा तुम्ही नव्हतातच, आणि तरी तुमच्या मोबाईलमध्ये टोबी मॅग्वायरचे मीम असतात, हे मला फार भारी वाटतं.

आधी तो पिक्चर बंद का पडला ते सांगतो, कारण लोक पटकन म्हणतात की सोनीने मारला. तसं सरळ नाहीये ते. रिलीजची तारीख आधी ठरली होती आणि स्क्रिप्ट काही केल्या जमत नव्हती, एकामागून एक लेखक बसले, ड्राफ्टवर ड्राफ्ट झाले, आणि शेवटी रायमीनेच स्टुडिओला सांगितलं की या तारखेपर्यंत मला पटेल असा पिक्चर मी देऊ शकत नाही. त्याच्या हातात तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या सिरीजपैकी एक होती, पहिल्या पिक्चरने अमेरिकेत तीन दिवसांत १० कोटी डॉलरचा टप्पा पार केला होता, जे त्याआधी कुठल्याच पिक्चरला पहिल्या वीकेंडला जमलं नव्हतं. तिसऱ्यावर टीका झाली तरी धंदा प्रचंड झाला होता. असा माणूस काहीतरी उरकून टाकून पैसे घेऊन घरी जाऊ शकला असता. नाही गेला. मला याबद्दल त्याचा मनापासून आदर वाटतो आणि सिक्वेल मागताना आपण ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे असं मला वाटतं.

कारण तिसऱ्या भागात जे झालं ते त्याला माहीत होतं. रायमीला सँडमॅन हा व्हिलन करायचा होता, पीटरचा मित्र हॅरी याची गोष्ट पूर्ण करायची होती. व्हेनम हा दुसरा व्हिलन त्याला करायचाच नव्हता, तो जुन्या कॉमिक्सचा माणूस, व्हेनम १९८८ चा, त्याच्या काळातला नाही, त्याला तो कळतच नव्हता. पण प्रोड्यूसर अवी अराडने आग्रह धरला की फॅन्सना व्हेनम पाहिजे. फॅन्सना. म्हणजे आपल्याला! पुढे अराडने स्वतः हे मान्य केलं, आणि रायमीनेही नंतर उघड सांगितलं की ज्या पात्रांवर माझाच विश्वास नव्हता ती मी पडद्यावर आणली आणि ते लपून राहिलं नाही. तुम्ही तो पिक्चर परत बघा. सँडमॅन वाळूतून पहिल्यांदा उभा राहतो तो सीन, एकही शब्द नाही, वाळूचा कण कण जमतो, हात उचलतो आणि तो हात गळून पडतो, मुलीच्या लॉकेटकडे हात नेतो आणि बोटंच विरघळतात, परत प्रयत्न करतो... हा रायमी आहे. आणि मग व्हेनम आल्यावर बघा, कुणाच्यातरी यादीतलं एक काम पूर्ण केल्यासारखं वाटतं. एकाच पिक्चरमध्ये दोन्ही आहे, म्हणून मी तो पिक्चर वाईट म्हणून टाकून देत नाही, शिकायला फार चांगला पिक्चर आहे तो.

आता नॉस्टॅल्जिया. आपण म्हणतो ते जुने पिक्चर भारी होते. काय भारी होतं नक्की? ग्राफिक्स म्हणाल तर पहिल्या भागातले काही शॉट आज रबरी वाटतात, खरंय ते. आणि तेव्हा सगळे खूश होते असंही नाही, पिक्चर यायच्या आधी कॉमिक्सवाले चिडले होते की पीटर स्वतः बनवतो ती जाळं फेकायची यंत्रं, वेब-शूटर, काढून टाकली आणि जाळं थेट मनगटातून काय येतंय, भरपूर आरडाओरडा झाला होता. आज त्याच गोष्टीवर लोक प्रेमाने बोलतात.

माझं उत्तर सांगतो, तुम्हाला पटतंय का बघा. त्या पिक्चरमध्ये पीटरला भाडं भरायचं असतं. बस. दुसरा भाग, २००४ चा, सुरू कसा होतो? पिझ्झा डिलिव्हरीने. वेळेत पोचला नाही तर नोकरी जाणार, वाटेत दोन पोरं ट्रकखाली येता येता वाचवतो, पोचतो उशिरा, नोकरी जाते. मग कॉलेजला उशीर. मग कॉलेजला उशीर. मग लाँड्रीत स्वतःचा सुपरहिरोचा ड्रेस धुवायला टाकतो आणि त्याचा लाल-निळा रंग बाकीच्या पांढऱ्या कपड्यांना लागतो. इतका मोठा, इतक्या खर्चाचा पिक्चर आणि तो दाखवतोय काय तर रंग गेलेले कपडे. आणि पीटरला वाढवणाऱ्या मे आंटीचं घर बँक घेणार असते, ती दोघं कर्ज मागायला बँकेत जातात आणि बँकवाला नाही म्हणतो. वाढदिवसाला ती त्याला वीस डॉलर देते, तो नको म्हणतो कारण त्याला माहितीये तिच्याकडे नाहीयेत, आणि ती एकदम ओरडते, घे म्हणते, फार नाहीयेत पण घे, आणि मग तिलाच रडू येतं. रोझमेरी हॅरिसने तो सीन असा केलाय ना... मी तो सीन हिंदी डबिंगमध्ये बघितला, आपल्याकडे बहुतेकांनी हे पिक्चर हिंदीतच बघितले, तिसरा भाग तर भोजपुरीतसुद्धा डब होऊन आला होता. भाषा कुठलीही असू दे, ज्या घरात आईने किंवा मावशीने डब्यातून काढून नोट हातात कोंबलीये तिथे हा सीन समजवावा लागत नाही.

आणि त्याच पिक्चरमध्ये पीटर मे आंटीला खरं सांगतो, की बेन अंकल (तिचा नवरा) गेले त्यात माझा हात होता, मी त्या चोराला जाऊ दिलं होतं. ती काय करते? त्याच्या हातातून आपला हात काढून घेते आणि काही न बोलता जिना चढून वर निघून जाते. म्युझिक मोठं होत नाही, मिठी नाही, काही नाही. आजचा पिक्चर असता तर तिथे कुणीतरी हलकासा विनोद टाकला असता, मला खरंच अशी भीती वाटते. नंतर ती माफ करते, पण ते नंतर, घर रिकामं करताना, सामान अंगणात पडलेलं असताना.

लोक म्हणतात दुसऱ्या भागातला ट्रेनचा सीन सगळ्यात भारी. आहेच. शूटिंगचा बराच भाग शिकागोच्या उंचावरून जाणाऱ्या रेल्वेवर झालाय, गोष्ट न्यूयॉर्कची असली तरी. डॉक ऑक, म्हणजे त्या भागातला व्हिलन ऑक्टेव्हियस, ट्रेनचा ब्रेक मोडून टाकतो, पीटर दोन्ही हातांनी जाळी टाकून ती गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो, तोंडावर मास्क नाही. मग डब्यातली माणसं त्याला हातावर झेलून आत घेतात, डोक्यावरून एकेका हाताने पुढे सरकवतात, खाली झोपवतात, आणि कुणीतरी म्हणतं हा तर पोरगाय, माझ्या पोराएवढा. दोन लहान मुलं मास्क आणून देतात, आम्ही कुणाला सांगणार नाही म्हणतात. २००२ च्या भागातही पुलावर न्यूयॉर्कची साधी माणसं व्हिलन गॉब्लिनला दगड-बाटल्या फेकून मारतात, आणि तो सीन ११ सप्टेंबरनंतरच्या शहराच्या मनातून आलेला होता. त्याच पिक्चरचा एक टीझर आधी आला होता, त्यात ट्विन टॉवर्सच्या मध्ये जाळं विणून हेलिकॉप्टर पकडतात, तो टीझर हल्ल्यानंतर काढून घेतला गेला. म्हणजे हे पिक्चर एका ठराविक शहराचे, ठराविक वर्षांचे आहेत. शहर त्याला सांभाळतं आणि तो शहराला. माझ्यासाठी या पिक्चरचा जीव इथे आहे.

मग २०२१ ला नो वे होम आला, टॉम हॉलंडच्या नव्या स्पायडर-मॅनचा पिक्चर, ज्यात जुने दोघंही परत येतात. आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी, १६ डिसेंबरला. पहाटेचे शो लागले होते, आणि टोबी त्या पोर्टलमधून साध्या कपड्यात बाहेर आला तेव्हा थेटरात काय झालं ते तुमच्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः अनुभवलंय, पंधरा वर्षांपासून माहीत असलेलं माणूस अचानक दारात उभं राहावं तसं झालं. डॉक ऑक झालेला अल्फ्रेड मोलिना, गॉब्लिन झालेला विलेम डॅफो, सगळे आले. मला तो पिक्चर आवडला. शेवटी टोबीचा पीटर टॉम हॉलंडच्या पीटरला गॉब्लिनचा खून करण्यापासून अडवतो, ग्लायडर हातात धरून उभा राहतो, एक शब्द बोलत नाही, आणि मागून वार खातो. बरोबर तोच पीटर. पण तो पाहुणा म्हणून आला होता. एमजेचं, म्हणजे त्याच्या प्रेयसीचं, काय झालं तर म्हणे अवघड होतं पण जमवलं आम्ही, एवढंच. काम काय करतो, कुठे राहतो, मे आंटी आहे का, काही नाही. आणि तिसरा भाग संपतो तेव्हा पीटर आणि एमजे जॅझ क्लबमध्ये हळूहळू नाचत असतात, दोघं बोलत नाहीत, माफ केलं का तेही कळत नाही. ती गोष्ट तिथेच उभी आहे. भेट झाली, पण पुढचा भाग अजून झालेला नाही.

आणि इथे मला थोडं कडक बोलायचंय. त्याच काळात स्टुडिओंना वाटलं जुना माणूस आणा, लोक येतील. मायकल कीटनला २०२३ मध्ये द फ्लॅशमध्ये परत बॅटमॅन केलं, १९९२ नंतर पहिल्यांदा. कीटन अप्रतिम नट आहे, केपही तीच, म्युझिकही जुनं वाजतं, आणि पिक्चर पडला. कारण त्याला करायला काही दिलंच नव्हतं, तो फक्त तिथे होता. बॅटगर्ल नावाच्या पिक्चरमध्येही त्याने काम केलं होतं, तो तर जवळजवळ पूर्ण झालेला असताना २०२२ मध्ये कपाटात गेला. दुसऱ्या बाजूला २०१७ चा लोगन बघा. ह्यू जॅकमन म्हातारा, खोकतोय, जखमा भरत नाहीत, गाडी चालवून पोट भरतोय, आणि आजारी प्रोफेसरची औषधं आणतोय. तिथे वय हीच गोष्ट होती. रायमीचा चौथा भाग व्हायचा असेल तर मला या दुसऱ्या वाटेने हवाय.

म्हणून माझी विनंती अशी आहे की सिक्वेल जरूर मागा, जोरात मागा, पण सोबत यादी देऊ नका. अमुक व्हिलन पाहिजे, तमुक कॅमिओ पाहिजे, तिघं स्पायडर-मॅन परत एकत्र पाहिजेत, तिसऱ्या भागातला तो डान्स परत पाहिजे. यादी दिली की काय होतं ते आपण २००७ ला, त्याच तिसऱ्या भागात बघितलंय. रायमीला एक माणूस द्या, एक व्हिलन द्या ज्याला घर आहे, बायको आहे किंवा आजारी मुलगी आहे, जशी ऑक्टेव्हियसची बायको रोझी होती, दोघं जेवणाच्या टेबलावर बसून पीटरला कविता वाच म्हणतात तो सीन आठवा, म्हणूनच पुढे त्याचं बुडणं आपल्याला लागतं. मॅग्वायर १९७५ चा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. पन्नाशीतला पीटर पार्कर, पाठ दुखणारा, कदाचित कुठल्यातरी सरकारी शाळेत सायन्स शिकवणारा, रात्री उशिरा घरी येणारा, आणि क्रिस्टन डन्स्टची एमजे जी दुसऱ्या भागाच्या शेवटच्या शॉटमध्ये खिडकीत उभी आहे. तो शॉट लक्षात आहे ना, लग्न मोडून त्याच्याकडे आलीये, सगळं गोड झालंय, तो सायरन ऐकून उडी मारून जातो आणि कॅमेरा तिच्यावर थांबतो आणि तिच्या तोंडावरचं हसू जातं. ती काळजी घेऊन वीस-बावीस वर्षं संसार केला असेल तर तो कसा असेल, हे मला बघायचंय. जग नाही वाचवलं तरी चालेल, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली एक बिल्डिंग वाचवली तरी पुरे.

आणि हे व्हायचं तर लवकर व्हायला पाहिजे. रोझमेरी हॅरिस १९२७ च्या आहेत. बेन अंकल झालेले क्लिफ रॉबर्टसन २०११ ला गेले. पीटरच्या पेपरातला रॉबी झालेला बिल नन २०१६ ला गेला, स्पायडर-मॅन ज्यांनी निर्माण केला ते स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को दोघंही २०१८ मध्ये. रायमी स्वतः १९५९ चा आहे, २०२२ ला त्याने डॉक्टर स्ट्रेंजचा पिक्चर केला आणि त्यात काही जागी तो जुना रायमी अजून जसाच्या तसा दिसतो, कॅमेरा अंगावर धावून येतो, प्रेत उठून बसतं, हात अजून चालतोय त्याचा. २०२४ मध्ये सोनीने अमेरिकेत हे जुने भाग परत थेटरात लावले आणि लोक गेले, म्हणजे प्रेक्षक आहे हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी फक्त या वेळी तारीख आधी ठरवू नये. आधी स्क्रिप्ट होऊ दे, रायमीला ती पटू दे, आणि मग कॅलेंडर काढा.