सुरी, सोटे आणि समुद्र

(मालवणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि डायव्हर मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'सागरी अभयारण्य आणि डायव्हरची सुरी'. अभयारण्यापर्यंत मी येणार आहे, काळजी नसावी. पण वाटेत एक नाका लागतो, आणि माझी गाडी तिथे एकदा अडलेली आहे.

निवडणुकीचे दिवस, सकाळचे साडेसहा. मी कुडाळहून इकडे येत होतो. मागच्या सीटवर डायव्हिंगचं जॅकेट, पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर, फिन्स आणि एक पिशवी. पिशवीत काल रात्रीचे थालीपीठ, टॉवेल आणि सुरी. सुरी एरवी जॅकेटला अडकवलेली असते, पण आदल्या दिवशी गोड्या पाण्याने धुऊन वाळत घातली होती आणि निघताना घाईत थालिपिठाशेजारी कोंबली. माझी चूक तेवढीच. ही चूक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नाक्यावरच्या हवालदारांनी पिशवी उघडली. "ह्या काय?"

म्हटलं, "सुरी. डायव्हिंगची."

"पाण्यात कोणाक भोसकूचा हा?"

मी समजावू लागलो. पाण्याखाली जाळं अडकतं, तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, तर दिसतही नाही, पायात गुंतला की जितकी धडपड करावी तितका आवळतो, आणि हवा टाकीत असते तेवढीच. म्हणून कापायला काहीतरी लागतं. ते ऐकत होते, पण नजर पात्यावर. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्या बऱ्याच सुऱ्यांना टोक नसतं. पुढून बोथट, पटाशीसारख्या. टोकदार सुरीने माणूस आधी स्वतःचं जॅकेट फाडतो. हा मुद्दा माझ्या बाजूचा, असं समजून मी मोठ्या उत्साहाने तो मांडला. तर ते म्हणाले, "टोक खंय गेला?"

संपलं! टोक नाही म्हणजे ते कुणाच्यातरी बरगडीत राहिलं असणार! बारा वर्षं कोर्टात काढलेला माणूस मी, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन तास बसवलं. साहेब येईपर्यंत थालीपीठही मिळालं नाही, कारण ते मुद्देमालाच्या पिशवीत होतं. (हसू नका, भूक लागली होती.) आणि त्या दोन तासांत माझ्या डोळ्यांदेखत शहाळ्यांचे टेम्पो गेले. प्रत्येकात हातभर कोयता, शहाळ्यांच्या ढिगावर ठेवलेला. कुणी विचारलं नाही.

मी चिडलो होतो. पण वकील म्हणून सांगतो, कोयता सोडणारा हवालदार बरोबर होता. तो कोयता शहाळ्यांवर होता. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती आणि शेतीच्या कामाच्या वस्तू वगळल्या आहेत. आडाळो, म्हणजे आपली विळी, घेऊन गावभर फिरलात तरी ती व्याख्या तुम्हाला लागत नाही. माझी सुरी थालिपिठाशेजारी होती. हेच माझं आवडतं म्हणणं आहे: सुरी कशासाठी आहे हे तिच्या शेजारचं सामान सांगतं. ती जॅकेटलाच असती, तर मी सातला बोटीवर असतो.

भाचा ब्रिटनमध्ये डायव्हिंग करतो. तिथे १९८८ च्या कायद्यात ३ इंचांपर्यंत पातं असलेला, मिटणारा खिशातला चाकू चालतो. बाकी पातं सार्वजनिक ठिकाणी जवळ असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं, नाहीतर ४ वर्षांपर्यंत कैद. रविवारी समुद्रावर जाताना कारण आहे. मंगळवारी तीच सुरी ऑफिसला जाताना गाडीच्या कप्प्यात सापडली, तर कारण उरलं नाही. सुरी तीच, वार बदलला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. म्हणजे आता पळायचं.

आपल्याकडे सुरी शस्त्र कधी ठरते, याचं मोजमाप शस्त्र नियम २०१६ मध्ये दिलंय: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. त्यातही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती वगळलेली. खेळाचा उल्लेख नाही, पण आपली सुरी चार-पाच इंचांची, त्यामुळे मापाचा प्रश्न येतच नाही. खरी अडचण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) ची. पेपरात येतो तो मनाई आदेश: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या, आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. त्यात इंच मोजत नाहीत. सणवार, निवडणूक, आंदोलन असलं की तो आदेश निघतोच. मोडलात तर शिक्षेसाठी कलम १३५. विमानात सुरी केबिनमध्ये नाही, खाली चेक-इन सामानात.

आता अभयारण्य. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा त्याला विरोध होता, हे इथे कुणाला सांगायला नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३१: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायचं नाही. शस्त्र म्हणजे काय? कलम २(३५) वाचा. बंदुका, धनुष्यबाण, विष, फासे यांच्याबरोबर तिथे गळ आहेत, सुऱ्या आहेत आणि जाळीही आहेत. म्हणजे पायात गुंतणारं जाळं शस्त्र, ते कापणारी सुरीही शस्त्र! आणि 'कशासाठी' हा प्रश्न इथे कुणी विचारतच नाही. नाक्यावर निदान विचारला होता. सुरीऐवजी हुकासारखा कटर घेतो म्हणाल, तर प्राण्याला इजा करू शकेल असं कोणतंही साधन त्याच व्याख्येत बसतं.

माझी मागणी छोटी आहे. डायव्हिंगला परवानगी देताना त्याच कागदावर एक ओळ असावी: बोथट टोकाचं कापण्याचं साधन, प्रत्येकी एक. कायदा बदलायची गरज नाही, लेखी परवानगीची सोय कलमातच आहे. अर्जाचा मसुदा मी आणलाय, सह्या करून जा.

सुरीही आणलीय, जॅकेटला अडकवून, त्या कोपऱ्यात. आज जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे का, तेवढं कुणीतरी मोबाईलवर बघून सांगा, मग बाहेर काढतो.