एकवीस नंबर

(काळा पडदा. डायल टोन. मग पत्र्याचं कपाट उघडल्याचा आवाज.)

कारखान्यातले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं हे कपाट. याला इथं सगळे 'बोर्ड' म्हणतात. आत ओळीनं कार्डं, खाली बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, आणि मागच्या भिंतीवर वायरींचं हे रान.

पश्चिम महाराष्ट्रातला हा एक सहकारी साखर कारखाना. ऊस अजून शिवारात उभा आहे, ऊस टाकायची गव्हाण झाकून ठेवलीय. दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत हा बोर्ड बंद करून इंटरनेटवर चालणारा नवा फोन उभा करायचा, असं ठरलंय. हातात सतरा दिवस आहेत.

कारण साधं. मे महिन्यातल्या वळवात वीज पडली, तांब्याच्या तारेतून आत आली आणि दोन कार्डं जाळून गेली. तसली कार्डं आता नवी मिळत नाहीत.

मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे, मग टेबलावरचा फोन हवा कशाला? आम्हीही हेच विचारलं. उत्तर वजनकाट्यावर मिळालं. काट्यावर पाळी बदलते, माणूस बदलतो. शेती ऑफिसला फोन काट्याला लावायचा असतो, काट्यावरच्या माणसाला नाही. आणि काटा म्हणजे एकवीस. इथं कुणी 'वजनकाटा जोडा' म्हणत नाही. 'एकवीस द्या' म्हणतात.

(ऑपरेटर ताई हेडसेट लावून. समोर प्लास्टिकच्या कव्हरात नंबरांची यादी, कडा पिवळ्या पडलेल्या.)

मुंबईत टेलिफोन आला 1882 साली. खेड्यात मात्र पुढची शंभर वर्षं फोन म्हणजे पोस्टात ट्रंक कॉल लावून ताटकळत बसणं. 1984 साली दिल्लीत सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, आणि दोन वर्षांनी, 1986 मध्ये, बेळगावहून धारवाडला जाताना लागणाऱ्या कित्तूरला तिचं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. 128 जोडण्यांचं. त्याला एसी लागत नव्हता. धुळीत, उकाड्यात, साध्या खोलीत ते चालायचं. परदेशी एक्स्चेंज थंडगार खोलीशिवाय बसवत नसत, त्या काळातली ही गोष्ट. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असं आमचं मत आहे. असो. आपल्याच हवेत, आपल्याच धुळीत चालणाऱ्या यंत्रांचा जो काळ, त्याच काळातलं हे कपाट.

(कॅमेरा मागच्या भिंतीकडे. टॅग ब्लॉक, म्हणजे वायरी जोडायच्या पट्ट्या. प्रत्येक वायरीला दोऱ्यानं बांधलेला कागदाचा तुकडा, त्यावर शाईची अक्षरं.)

ही भिंत तात्यांची. कारखान्याचे निवृत्त वायरमन. नव्या कामाचा ठेका घेतलेल्या टेक्निशियननी पहिल्या दिवशी ही भिंत बघितली, एकमेकांकडं बघितलं, आणि तात्यांना गाडी पाठवली.

तात्या येताना वही घेऊन आले.

(वहीचं पान, जवळून.)

'काटा – टॅग 3 – पांढरा-निळा.' 'डिस्टिलरी – टॅग 5 – तांबडा-नारिंगी.' 'गोदाम 4 – लिंबाच्या मागं जॉइंट.' तो लिंब तोडून सात वर्षं झाली. जॉइंट तिथंच आहे.

टेलिफोनच्या केबलीत रंगांची एक बाराखडी असते. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, या पाच रंगांपैकी एक, आणि त्याच्या जोडीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी यांपैकी एक. पाच पंचे पंचवीस. पंचवीस जोड्या, एकही रंगजोडी पुन्हा येत नाही. आता हे केबलीत भरलेल्या जेलीत बुडालेलं, तीस वर्षांचं, मातकट झालेलं टोक हातात घेऊन यातला राखाडी कुठला आणि पांढरा कुठला ते सांगा.

तात्या टोक अंगठ्यावर पुसतात, खिडकीकडं धरतात.

"पांढरा. राखाडी ह्यो."

(निवेदन नाही. पंचिंग टूलचा आवाज. टक्. टक्. टक्.)

सगळंच तांबं काढून टाकायचं नाही, हा निर्णय पहिल्या तीन दिवसांत झाला. ऑफिसातल्या टेबलांवर नवे आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलीवर चालणारे, येतील. पण गेस्ट हाऊस, गोदामं, कामगार वसाहत, गेट इथं जुनीच तार आणि जुनेच फोन राहतील. मध्ये एक डबा बसेल, चोवीस पोर्टचा गेटवे. त्याच्या एका अंगाला तांब्याच्या चोवीस जोड्या, दुसऱ्या अंगाला एकच नेटवर्क केबल. जुन्या फोनला तो डायल टोन देतो, घंटी वाजवायला लागणारा विजेचा दाब देतो. फोनला वाटतं, बोर्ड अजून आहे.

नवीन विकणारे लोक हा डबा सहसा आपणहून सुचवत नाहीत.

काट्याची गोष्ट वेगळी. बोर्डाचं काम आता एक कॉम्प्युटर करणार, तो सर्व्हर. त्या सर्व्हरच्या खोलीपासून काटा चारशे मीटर. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच धावते, म्हणून तिथं फायबर, म्हणजे काचेची तार. शिवाय काचेतून वीज आत येत नाही, आणि ते मे महिन्यात सगळ्यांना पटलेलं आहे.

(काचेच्या तारा जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनचा पडदा. दोन काचेची टोकं जवळ येतायत.)

हे कवच 125 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या पोटात ज्यातून उजेड धावतो तो गाभा फक्त 9 मायक्रॉन. दोन टोकं समोरासमोर येतात, मशीन त्यांना आपसूक सरळ करतं, एक ठिणगी.

(ठिणगी. पडद्यावर एकच अखंड रेघ.)

झालं. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर बसून हे काम केलंय.

आता आवाजाचं. तुम्ही फोनमध्ये 'हॅलो' म्हणता. फोन तुमचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजतो. मोजमापांचे छोटे गठ्ठे बांधतो, सेकंदाला पन्नास. प्रत्येक गठ्ठ्यात 160 बाइट आवाज आणि वर 40 बाइट पत्ता: कुठून आला, कुठं जायचं, कितवा आहे. 'हॅलो' म्हणायला अर्धा सेकंद धरला, तर काट्यावर पंचवीस गठ्ठे जातात आणि पलीकडं ते सुटून पुन्हा आवाज होतो. एका बाजूनं लागणारा सगळा वेळ दीडशे मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणाऱ्याला काही जाणवत नाही. त्यापुढं गेला की दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात.

याच केबलीतून गेटवरच्या कॅमेऱ्यांची चित्रंही जातात. चित्रांच्या लोंढ्यात आवाज अडकू नये म्हणून त्याला वेगळी वाट आखून दिली. तिला म्हणतात व्हीलॅन. हा शब्द कानावर पडला तेव्हा तात्या मागं वळून म्हणाले, "कोण व्हिलन?"

(टेबलावर फोनची खोकी. ऑपरेटर ताई एक खोकं उलटं करून वाचतायत.)

प्रत्येक फोनच्या पाठीवर बारा अक्षरांचा मॅक पत्ता असतो. कुठला फोन कुणाच्या टेबलावर जाणार, ते हा पत्ता बघून सर्व्हरवर आधीच लिहून ठेवायचं. मग फोन जोडला की तो स्वतःच सर्व्हरकडं आपली फाइल मागतो आणि दोन मिनिटांत आपला नंबर घेऊन उठतो. पण आधी पत्ते लिहून घ्यायला हवेत. बेचाळीस फोन.

"शून्य, शून्य, एक, पाच, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली..."

लिहून घेणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा. तिसऱ्या खोक्याला त्यानं 'बी' ऐवजी 'डी' टाइप केलं. ताई पुढं गेल्याच नाहीत. "परत वाचा," म्हणाल्या. आयुष्यभर एका कानानं ऐकून दुसऱ्या हातानं लिहिलेली बाई. बेचाळीस पत्त्यांत नंतर एकही चूक निघाली नाही.

या फोनना विजेची वेगळी वायर नाही. नेटवर्कच्या केबलीतूनच वीज येते. या केबली जिथं एकत्र येतात ते यंत्र म्हणजे स्विच. तो आधी थोडासा दाब लावून चाचपतो, पलीकडं पंचवीस हजार ओहमचा रोध दिसला की मगच वीज सोडतो. नाहीतर साधा कॉम्प्युटर जोडला तर जळायचा. आणि हा दाब किती, तर पन्नास व्होल्टच्या आसपास. जुन्या बोर्डाच्या बारा चोक अठ्ठेचाळीसच्या शेजारी. तात्यांनी मीटर लावून बघितलं. काही बोलले नाहीत, मीटर खिशात ठेवला.

सर्व्हरवर बसवलंय ॲस्टरिस्क. अमेरिकेत अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाला 1999 साली आपल्या छोट्या कंपनीसाठी फोनचा बोर्ड हवा होता. विकतचा परवडेना, म्हणून त्यानं प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. सहकारी कारखान्यात तो फुकट चालतोय, यात आम्हाला एक नीटपणा दिसतो. वर्षाला लायसन्सचं बिल नाही, आणि उद्या ठेकेदार बदलला तरी आतलं सगळं वाचता येतं. तात्यांच्या वहीसारखं.

नंबरांवरून मात्र वाद झाला. मुलाला चार आकडी नंबर हवे होते: ऑफिसला हजार, फॅक्टरीला दोन हजार, पुढं वाढवायला सोपं. ताईंनी यादी समोर ठेवली. "एकवीस एकवीसच राहील."

एकवीस एकवीसच राहिला. पासवर्ड मात्र एकवीस नाही. तिथं वीस अक्षरांची खिचडी आहे, कारण जगभर असे बोर्ड शोधत फिरणारे प्रोग्रॅम सगळ्यात आधी हेच बघतात: नंबर आणि पासवर्ड एकच आहे का. असला तर रात्रीतून परदेशी फोन, आणि सकाळी बिल.

तालुक्यातली गट कार्यालयंही याच सर्व्हरला इंटरनेटवरून जोडली. त्यांना काटा दोन आकड्यांत लागतो. पण इंटरनेटवरून आलेला तो आवाज कारखान्याच्या टेलिफोन लाइनवरून बाहेरच्या जाळ्यात सोडायचा नाही. विनापरवाना तो रस्ता कायद्यानं बंद आहे, म्हणून सर्व्हरवरही बंद केला.

(सकाळ. गेटवेवर एक हिरवा दिवा स्थिर.)

अकराव्या दिवशी बाहेरची लाइन अडकली. बाहेरून येणाऱ्या दोन लाइन अजून तांब्याच्या आहेत, त्याही गेटवेतूनच आत येतात, आणि त्यातली एक सकाळपासून 'बिझी'. बोलत मात्र कुणीच नव्हतं. गेटवे बंद करून चालू केला, लाइन सुटली. पुढचा फोन आला, बोलणं झालं, समोरच्यानं ठेवला, लाइन पुन्हा अडकली. केबल बदलून झाली. पोर्ट बदलून झालं. सॉफ्टवेअर नवं टाकून झालं. दुपारचे दोन.

तात्यांनी टेस्टिंगचा हँडसेट त्या लाइनवर अडकवला, कानाला लावला आणि आम्हालाही ऐकवला.

(टूं... टूं... टूं...)

समोरच्यानं फोन ठेवल्यावर एक्स्चेंज हा टोन पाठवतं. माणसाला कळतं, तो रिसीव्हर ठेवतो. इथं माणसाच्या जागी गेटवे आहे. तो टोन त्याच्या कानात कधीचा वाजत होता.

"त्याला ऐकू येतंय," तात्या म्हणाले, "पन कळंना झालंय."

मुलानं सेटिंगचं पान उघडलं. देश: अमेरिका. गेटवे बनवणाऱ्यांकडून निघताना असतं तसंच. अमेरिकेचा बिझी टोन दोन सुरांचा, 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला एकसुरी, 400 हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. गेटवे सकाळपासून अमेरिकेच्या टोनची वाट बघत लाइन धरून बसला होता.

यादीतून भारत निवडला. सेव्ह.

(फोन वाजतो. बोलणं. समोरचा ठेवतो. टूं... टूं... हिरवा दिवा विझतो.)

एका दिशेनंच आवाज जाण्याची भानगडही झाली होती, गट कार्यालयाच्या राउटरमुळं. ती रात्री सुटली, तेव्हा कॅमेरा परत गेलेला होता.

वीज गेली तर? जुना बोर्ड बॅटऱ्यांवर चालायचा. आता प्रत्येक स्विचला यूपीएस लावलाय, आणि गेटवर एक साधा फोन बाहेरच्या लाइनला सरळ जोडून ठेवलाय, मध्ये काही नाही.

(छोटी खोली. खिडकीला चादर लावलीय. ऑपरेटर ताई मोबाईलसमोर कागद धरून.)

"नमस्कार. शेती विभागासाठी एक दाबा. हिशेब विभागासाठी दोन दाबा..."

चौथ्या वेळी पंखा बंद करून घेतलं, ते चांगलं आलं.

ऑपरेटरच्या तीन पाळ्या होत्या, आता दिवसाची एक राहिली. उरलेल्या दोघींना ऊस नोंदणीच्या टेबलावर घेतलंय.

(ताई हेडसेट लावून बसल्यात. स्पीकरवर त्यांचाच आवाज: "नमस्कार. शेती विभागासाठी..." निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

(नोव्हेंबर. पहाट. धुकं. काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग, मागं चार बैलगाड्या. घंट्या. गव्हाणीचा घरघराट.)

तात्या आज आलेले नाहीत. वही सर्व्हरच्या खोलीत खिळ्याला टांगलीय. शेवटच्या पानावर नवी ओळ आहे, मुलाच्या अक्षरात: 'काटा – फायबर – स्विच 2 – पोर्ट 7.'

(काट्याची केबिन. फोन वाजतो. काटा क्लार्क एका कानावर हात ठेवून उचलतो.)

"एकवीस."

"किती झाल्या?"

"सत्तावीस."

"बैलगाड्या धरून?"

"नाही, त्या वेगळ्या. थांबा, मोजतो."

(तो खिडकीतून बाहेर बघतो. रिसीव्हर टेबलावर. त्यातून शेती ऑफिसातल्या पंख्याचा आवाज.)