धडधाकट संगणकाला नवी कार्यप्रणाली

टेबलावरचा हा संगणक बिघडलेला नाही. त्याचा प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, सगळे शाबूत आहे. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था या यंत्रात नसल्यामुळे त्याची पुढची वाट बंद झाली. चालते यंत्र केवळ एवढ्या कारणासाठी अडगळीत जावे, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून त्याच्यावर आता डेबियन ही युनिक्सच्या वळणाची कार्यप्रणाली बसवली जात आहे.

हे वळण जुने आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली, आणि १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेल्यामुळे ती एकाच प्रकारच्या यंत्राला जखडलेली राहिली नाही. मात्र ती वापरायला परवाना लागत असे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण कोणालाही वापरता, तपासता आणि बदलता येईल अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जीएनयू या नावाने जाहीर केला. त्या प्रणालीला हवा असलेला गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला, आणि तोही स्वतःच्या घरच्या, ३८६ प्रोसेसर असलेल्या संगणकासाठी. हाच लिनक्स. घरगुती संगणकाचा आणि लिनक्सचा संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे. याच लिनक्सवर उभा असलेला, १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन प्रकल्प आजही जगभरातले स्वयंसेवक चालवतात.

पडद्यावर दिसणारी ही ६४ अक्षरांची ओळ म्हणजे डेबियन बसवण्यासाठी इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या फाइलचा ठसा आहे. खालची ओळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली, तर वरची आपल्या संगणकाने फाइल वाचून काढलेली. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही संपूर्ण ओळ वेगळी येते, त्यामुळे घाईत असतानाही ही पडताळणी टाळू नये. दोन्ही ओळी जुळल्यावर ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहिली जाते. नुसती कॉपी करून भागत नाही. ड्राइव्हवरून संगणक सुरू होईल अशा रीतीने ती उतरवावी लागते, आणि ड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते.

संगणक सुरू होतानाच ठरावीक कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की स्थापनेचा पहिला प्रश्न भाषेचा येतो, आणि त्या यादीत मराठीही आहे.

खरा निर्णय आहे तो डिस्कच्या विभाजनाचा. युनिक्समध्ये सी, डी असे वेगळे ड्राइव्ह नसतात. सगळ्या फाइली एकाच मुळापासून फुटणाऱ्या झाडात राहतात आणि डिस्कचे विभाग त्या झाडाला ठिकठिकाणी जोडले जातात. इथे 'होम'साठी वेगळा विभाग ठेवला आहे, म्हणजे उद्या प्रणाली पुन्हा बसवावी लागली तरी कागदपत्रे आणि छायाचित्रे जागच्या जागी राहतील. यूईएफआय या, संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीच्या यंत्राला सुरुवातीच्या फाइलींसाठी आणखी एक छोटा विभाग लागतो, तो प्रणाली बसवणारा प्रोग्राम स्वतःच सुचवतो. या टप्प्यापर्यंत डिस्कवर काहीही लिहिले गेलेले नाही. बदल लिहायचे का, या शेवटच्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर आधीच निवडलेले असते, आणि 'होय' म्हणणे ही वापरणाऱ्याची जाणीवपूर्वक कृती राहते. आमच्या मते या साऱ्या प्रक्रियेतली ही सर्वांत सभ्य गोष्ट आहे.

विभाजनाच्या आधीच रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारलेला असतो. तो रिकामा सोडला तर रूटचे खाते बंद राहते आणि पहिल्या साध्या वापरकर्त्याला सुडो या आज्ञेने गरजेपुरते अधिकार मिळतात. घरच्या संगणकासाठी आम्ही हाच मार्ग निवडला. वायफायसारख्या उपकरणांना चालण्यासाठी लागणारे फर्मवेअर, म्हणजे त्यांचे स्वतःचे छोटे सॉफ्टवेअर, २०२३ मधील डेबियन १२ पासून अधिकृत फाइलीतच येत असल्याने पूर्वीची शोधाशोध बरीच कमी झाली आहे.

संगणक आता नव्या प्रणालीत सुरू झाला आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, पासवर्ड टंकताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, ही युनिक्सची जुनी रीत आहे. कळा दाबल्या जात आहेत, एंटर दाबावे. एपीटी हे डेबियनचे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन आहे. 'एपीटी अपडेट' आणि त्यापाठोपाठ 'एपीटी अपग्रेड' या दोन आज्ञांनी उपलब्ध दुरुस्त्या उतरून बसतात. केवळ विंडोजसाठी बनवलेली काही सॉफ्टवेअर इथे चालत नाहीत आणि जुन्या डिस्कवरचा मजकूर पुसला जातो, तेव्हा कामाची सॉफ्टवेअर आधी तपासावीत आणि फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.