पदर उलटून बघा

[दृश्य: पैठण. हातमागावर पैठणीचा पदर.]

पैठणीचा पदर विणताना धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि मागे फिरतो. चोचीचा लाल धागा चोचीपुरता. रंगारंगाची वेगळी, धागा गुंडाळलेली कांडी, आणि प्रत्येक ओळीला या साऱ्या कांड्या हातानं गुंफायच्या. मग धागे घट्ट बसवायला फणी ठोकायची. बांगडी मोरासारखी (बांगडीच्या गोलात मोर) भरगच्च नक्षी असली की दिवसभरात पदर जेमतेम बोटभर, दोन बोटं सरकतो. साधी पैठणी महिन्या-दीड महिन्यात मागावरून उतरते. भारी पदराला वर्षही लागतं.

[दृश्य: पदराची उलटी बाजू, जवळून.]

आता हाच पदर उलटून बघा. मोर मागूनही तसाच आहे. धागा लागला तेवढ्याच जागी विणला गेला, त्यामुळे मागे लोंबायला काही उरलंच नाही. काठाचंही तसंच: काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोघांचे धागे जोडावर एकमेकांत गुंतलेले. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या, यंत्रमागावर काढलेल्या मोरामागे मात्र आडवे पसरलेले धागे दिसतात, नाहीतर त्यांची कातरलेली टोकं.

यंत्रमागाची साडी नेसण्यात काहीच गैर नाही. ती यंत्रमागाची म्हणून विकावी, एवढंच. हातमागाची म्हणून ती खपवली जाते, तेव्हा विणकराच्या महिनोन्‌महिन्यांच्या मजुरीची तुलना यंत्राच्या काही तासांशी होते. मग त्याची मुलं मागावर का बसतील?

कायदे आहेत. 1985 च्या कायद्याखाली विणीतल्या नक्षीची रेशमी साडी हातमागासाठी राखून ठेवली आहे. 1999 च्या कायद्याखाली पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं. हातमागाचं चिन्ह आहे, रेशमाचं चिन्ह आहे. पण कायदा काही दुकानाच्या गादीवर येऊन बसत नाही. तिथे असतो दुकानदार आणि आपण.

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर. हिमरूची शाल.]

पैठणीची ही कसोटी हिमरूला, म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेल्या इथल्या नक्षीदार कापडाला लावाल, तर अस्सल हिमरूलाच नकली ठरवाल. हिमरूत ताणा (उभे धागे) सुती आणि नक्षीचा बाणा (आडवे धागे) रेशमी. नक्षीत न आलेलं रेशीम मागच्या बाजूला मोकळं राहतं, त्याचाच मऊ थर होतो आणि शालीला ऊब येते. म्हणजे पैठणीत खटकणारे मागचे धागे हिमरूचं अंगच आहेत. जुन्या मागावर विणकर खाली बसायचा आणि नक्षीच्या दोऱ्या ओढणारा दुसरा माणूस वर. दोघांची लय जुळली तरच वेल सरळ चढायची. आज असे हात फार थोडे उरलेत, आणि पर्यटकांसमोर हिमरू म्हणून येणाऱ्या कितीतरी शाली यंत्रावरच्या, कृत्रिम धाग्याच्या असतात. माल हिमरूचा आहे की नाही, हे धाग्यावरूनच शोधावं लागतं. ताणा सुती आहे का? नक्षी खऱ्या रेशमाची आहे का?

म्हणून खरेदीला जाल तेव्हा पदर उलटा करून मागा. साडी कुठल्या गावच्या मागावरची, ते विचारा. हातमागाचं चिन्ह बघा. आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून द्यायला सांगा. माल खरा असेल, तर दुकानदाराला ते लिहायला काहीच अडचण नसते.