पहिली बुडी कुठे मारावी?

नाशिकमध्ये स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मालवण की अंदमान?" प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो घाईने विचारला जातो. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. पाण्याखाली एकदा डोकावून यायचं आहे की डायव्हिंग शिकायचं आहे? आणि सुट्टी नेमकी कोणत्या आठवड्यात आहे? एवढं ठरलं की निम्मी ठिकाणं आपोआप गळतात.

डोकावून येण्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. त्यासाठी पोहता येण्याची गरज नसते. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव, चार-पाच खुणा, आणि मग प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो. खोलीची मर्यादा 12 मीटर असली तरी आपल्या किनाऱ्यावर बहुतेकांची डाइव्ह त्याच्या निम्म्यातच आटोपते. शेवटी काही ठिकाणी फोटोबरोबर एक प्रमाणपत्र देतात. ते घरात लावायला छान, पण त्यावर दुसरीकडे कोणी पाण्यात सोडणार नाही.

शिकायचं असेल तर ओपन वॉटर कोर्स करायचा. पॅडी आणि एसएसआय या त्यातल्या मोठ्या संस्था. कोर्स तीन ते चार दिवसांचा, त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह, आणि कार्ड मिळाल्यावर जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जायची मुभा. किमान वय 10 वर्षं. पोहण्याची परीक्षा असते: 200 मीटर न थांबता, कोणत्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही, आणि नंतर 10 मिनिटं तरंगत राहायचं. 50 मीटरच्या तलावात चार लांब्या म्हणजे फार काही नाही. अडतं ते तरंगण्यात, कारण आपल्याकडे पोहायला शिकवताना हातपाय मारायला शिकवतात, स्वस्थ पडून राहायला नाही. तेव्हा निघण्याआधी महिनाभर तलावावर त्याचाच सराव करा. आणखी एक सोय फार जणांना माहीत नसते. कोर्सची थिअरी घरी ऑनलाइन करता येते, तलावातला भाग पुण्या-मुंबईत उरकता येतो आणि फक्त चार डाइव्हसाठी समुद्रावर जाता येतं. तिथले चार दिवस मग दोनवर येतात.

आता सुट्टीचा आठवडा. आपण मोकळे होतो दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. मालवणचं पाणी पावसाळ्यात बंदच असतं. दिवाळीला ते खुलं झालेलं असतं, पण गढूळपणा गेलेला नसतो. मालवणजवळच्या तारकर्लीला लागूनच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात तिने आणलेला गाळ खाली बसायला वेळ घेतो. त्यात दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाची वाळू उठते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे हा फरक सगळ्यात कमी, तेव्हा प्रवाह मंद आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. आपण मात्र हॉटेलचा दर बघून तारीख ठरवतो. मालवणला जायचं असेल तर कॅलेंडरमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारीतली अष्टमी शोधा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस धरा. तेवढ्याने तीन मीटरऐवजी सहा-सात मीटर दिसू शकतं, आणि नवख्याला हा फरक फार मोठा असतो. हात लांबवल्यावर पुढचं धूसर दिसलं की माणूस घाबरून जोरात श्वास घेऊ लागतो, आणि बहुतेक फसलेल्या डाइव्हची सुरुवात तिथेच होते.

तरीही ट्राय डाइव्हसाठी मालवणची शिफारस करावीशी वाटते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक उथळ आहेत, पोवळी आहेत, आणि हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे कोर्सही होतो. फक्त किनाऱ्यावरची पॅकेजं डोळे उघडे ठेवून घ्या. पॅराशूट, जेट स्की, बनाना राइड आणि स्कुबा असं सगळं एका दरात असेल, तर स्कुबाच्या वाट्याला पाण्याखालची दहा-पंधरा मिनिटंच येतात. पैसे देण्याआधी विचारा: पाण्याखाली किती मिनिटं, एका प्रशिक्षकामागे किती माणसं, आणि आधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का. सराव नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

गोव्याला ग्रँड आयलंडजवळ डाइव्ह होतात, पाणी मालवणसारखंच. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला जाते, हा आपल्यासाठी मोठा फायदा. पण निव्वळ पाणी बघायचं तर थोडं पुढे, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट जास्त चांगलं. ते किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत असल्यामुळे गाळ तिथवर कमी पोचतो. मात्र तेवढाच बोटीचा प्रवासही करावा लागतो. कसारा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी उलटीची गोळी बोटीत बसायच्या तासभर आधी घ्यावी. बोट हलू लागल्यावर घेतलेली गोळी कामाची नाही.

अंदमान कोर्ससाठी उत्तम. पाणी 27 ते 30 अंश, दृश्यता चांगल्या दिवशी 20 मीटरच्या आसपास. पण हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाची नवख्यासाठीची खरी जमेची बाजू वेगळी आहे: नेमो रीफवर किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येतं. ही सोय कानांसाठी महत्त्वाची आहे.

पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागापासून 10 मीटरवर तो दुप्पट होतो, पण तिथून 20 वर गेल्यावर फक्त दीडपट. सगळ्यात मोठा बदल सुरुवातीच्या काही मीटरमध्येच होतो, आणि कान तिथेच दुखतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावला तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. उतारावरून सावकाश खाली जाताना हे सोपं जातं. बोटीतून उडी मारून दोरीने उतरताना घाई होते. म्हणून पहिल्या वेळेसाठी किनाऱ्यावरून उतरता येणारी जागा निवडा, मासे थोडे कमी दिसले तरी चालेल. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरण्याचा मोह आवरा, कारण त्याचा परिणाम पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा आत अडकते.

अंदमानला नोव्हेंबरात पाऊस रेंगाळतो, मेच्या उत्तरार्धात पुन्हा येतो. जानेवारी ते एप्रिल भरवशाचे. लक्षद्वीपचं पाणी त्याहून नितळ, पण परवाना लागतो, जागा मोजक्या, विमान कोचीहून अगत्तीला. महिनाभर आधी ठरवता येत नसेल तर नाद सोडा. मे महिन्यातच जमणार असेल तर परदेश बघावा. श्रीलंकेत दोन किनारे आलटून पालटून चालतात: हिक्कडुवाची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीची मे ते सप्टेंबर. थायलंडचं को ताओ कोर्ससाठी स्वस्त म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. तिथला पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे दिवाळीत नको, मेमध्ये चालेल. बालीला तुलांबेनचं बुडालेलं जहाज किनाऱ्यावरून पोहत गाठता येतं. मालदीव मात्र पहिल्या कोर्ससाठी नको. लगूनच्या, म्हणजे प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्याच्या, आत ठीक आहे, पण ज्या जागांचे व्हिडिओ आपण पाहतो तिथे प्रवाह जोरदार असतात.

जागा ठरली की आरोग्याचा फॉर्म आधीच मागवून घ्या. दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी एकाही प्रश्नाला "हो" आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती हॅवलॉकला पोचल्यावर शोधण्यापेक्षा नाशिकमध्ये घेणं सोपं. गरोदरपणात डायव्हिंग नाहीच. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का, हे विचारा. चष्म्यावर मास्क बसत नाही. मिशा असतील तर मास्कमध्ये वरच्या ओठाजवळून पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलिन लावतात. प्रवासाच्या विम्यात डायव्हिंग धरलंय का तेही वाचा, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

शेवटचा मुद्दा परतीचा, आणि तो आपल्याला किनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा जास्त लागू आहे. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत हवेचा दाब कमी झाला तर बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह किंवा कोर्सनंतर 18 तास विमानात बसायचं नाही. तिकीट काढताना शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवा. विमान टाळलं तरी घाट आहेतच. हा नियम साधारण 600 मीटर उंचीपासून लागू होतो. नाशिक जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे आणि आंबोली त्याहून वर. मालवणात सकाळी बुडी मारून दुपारी आंबोलीमार्गे गाडी हाकण्यापेक्षा रात्र तिथेच काढा आणि सकाळी निघा. सुट्टी संपतच असेल, तर निदान मुंबई-गोवा महामार्गाने या. त्या रस्त्याने मोठा चढ येतो तो थेट कसाऱ्याला, तोवर बरेच तास उलटलेले असतात.