भार प्रेषण केंद्राच्या आत

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या ऐन साथीत रुग्णालये जनरेटरवर आली, आणि अशाच प्रसंगी उर्वरित ग्रिडपासून विलग होऊन शहराला वीज पुरवत राहण्यासाठी उभारलेली ‘आयलँडिंग’ यंत्रणाही त्या दिवशी उपयोगी पडली नाही.

चार महिन्यांपूर्वीच गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आले होते. या दोन घटनांचा संबंध जाहीरपणे जोडला गेला तो २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीच्या अहवालानंतर. चीनशी संबंधित ‘रेडएको’ या हॅकर गटाने देशातील पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांच्या संगणक यंत्रणांना लक्ष्य केले होते, असे त्यात म्हटले होते. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी दुसऱ्याच दिवशी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितले, तर चीनने आरोप फेटाळले. मुंबईतील वीज त्या घुसखोरीमुळेच गेली, असा दावा मूळ अहवालातही नव्हता. हे ठळकपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण पुढच्या गदारोळात तेच हरवले.

आणि त्याहून गंभीर बाबही मागे पडली. भार प्रेषण केंद्र वीज निर्माण करत नाही. किती वीज तयार होते आहे आणि किती वापरली जाते आहे, यांचा मेळ क्षणाक्षणाला घालून ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखणे, हे त्याचे काम. चोरून विकावे असे व्यापारी गुपित तिथे फारसे नसते. मग परक्या राष्ट्राच्या हेरांना तिथे शिरावेसे का वाटावे? संघर्षाच्या वेळी कुठे घाव घालायचा, याची पाहणी शांततेतच करून ठेवण्यासाठी, हे उत्तर आम्हाला सर्वाधिक पटते.

‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने १९ नोव्हेंबर २०२० रोजीच ‘शॅडोपॅड’ या मालवेअरबद्दल, म्हणजे संगणकात शिरणाऱ्या घातक प्रणालीबद्दल, सावध केले होते, आणि कामकाजावर परिणाम झाला नसल्याचे ऊर्जा मंत्रालयाने नंतर स्पष्ट केले.

एप्रिल २०२२ मध्ये त्याच कंपनीचा दुसरा अहवाल आला. या वेळी लक्ष्य होती उत्तर भारतातील, लडाखच्या वादग्रस्त सीमेलगतच्या भागांतील किमान सात राज्य भार प्रेषण केंद्रे. हे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत, असे सिंह यांनी सांगितले. घुसखोरांनी आपल्या आज्ञा पोहोचवण्यासाठी वापरली होती ती इंटरनेटला जोडलेली, आधीच ताब्यात घेतलेली सीसीटीव्हीची डीव्हीआर यंत्रे आणि कॅमेरे.